ई-सिगारेटची बॅटरी : खिशातला निखारा

तंबाखू, मावा, गुटखा आणि दारू यांविषयी या पानावर आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. या वेळचा विषय त्याच घरातला, पण चेहरा नवा आहे. पेनासारखी, पेनड्राइव्हसारखी किंवा रंगीत स्केचपेनसारखी दिसणारी, फळांचा वास येणारी एक वस्तू आता वस्तीतल्या शाळकरी मुलांच्या खिशापर्यंत पोहोचली आहे. कोणी तिला व्हेप म्हणतो, कोणी पॉड, कोणी पेन-हुक्का. कायद्याच्या भाषेत ती ई-सिगारेट.

तिच्यातल्या निकोटीनबद्दल थोडेफार बोलले जाते. तिच्यातल्या बॅटरीबद्दल कोणीच बोलत नाही. नीट न बनवलेली बॅटरी मांडीला, हाताला, तोंडाला भाजू शकते, झोपलेल्या घराला आग लावू शकते, आणि फेकून दिल्यावर कचरा वेचणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या हातात पेट घेऊ शकते. म्हणून या अंकात आम्ही फक्त बॅटरीबद्दल लिहीत आहोत. रविवारी वंदनेनंतर विहारात हा लेख मोठ्याने वाचावा, ही विनंती.

यंत्र कसे चालते

आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने तयार केली. तिच्यात मुख्य तीन भाग असतात : बॅटरी, तारेचे बारीक वेटोळे, आणि निकोटीन मिसळलेले द्रव. ओढणाऱ्याने झुरका घेतला की बॅटरीतून वीज वेटोळ्यात जाते, वेटोळे तापते, द्रवाची वाफ होते आणि ती वाफ छातीत जाते.

हे काम लहान वाटते, पण बॅटरीच्या दृष्टीने ते जड आहे. उदाहरणार्थ, ३.७ व्होल्टची बॅटरी आणि १ ओहमचे वेटोळे धरले, तर झुरका चालू असेपर्यंत जवळपास १४ वॅट वीज खेचली जाते. आपल्या खोलीत लावतो तो एलईडी बल्ब साधारण ९ वॅटचा असतो. म्हणजे बोटाएवढी बॅटरी प्रत्येक झुरक्याला आपल्या बल्बपेक्षा जास्त वीज देते. टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलला हे झेपणार नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये असते तशी लिथियम-आयन बॅटरी लागते. थोड्या जागेत भरपूर ऊर्जा साठवणे हा तिचा गुण, आणि तोच तिचा धोका.

बॅटरीच्या पोटात काय असते

अळूवडीची गुंडाळी डोळ्यांसमोर आणा. लिथियम-आयन बॅटरीत तशीच गुंडाळी असते. एक तांब्याचा पातळ कागद, त्यावर ग्रॅफाइटचा लेप. दुसरा अॅल्युमिनियमचा कागद, त्यावर धातूच्या संयुगाचा लेप. दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. या पडद्याची जाडी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. ही सारी गुंडाळी एका द्रावणात भिजलेली असते, आणि ते द्रावण ज्वलनशील असते.

जोवर मधला पडदा शाबूत आहे, तोवर सारे ठीक. पडदा फाटला, वितळला किंवा त्याला भोक पडले, की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि बॅटरीच्या आतच शॉर्टसर्किट होते. त्या जागी उष्णता निर्माण होते. उष्णतेने आतली रसायने फुटू लागतात, त्यातून आणखी उष्णता निघते. साधारण १३० अंशांवर पडदा वितळतो. पुढे धातूच्या संयुगातून प्राणवायू सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. एकदा ही साखळी सुरू झाली की बटण बंद करून ती थांबत नाही. काही सेकंदांत फुसफुस, धूर, ज्वाला आणि कधी स्फोट.

गोल नळीच्या आकाराच्या ई-सिगारेटमध्ये आणखी एक अडचण असते. आत दाब वाढला की नळीचे टोक सर्वांत आधी निखळते आणि यंत्र दिवाळीतल्या रॉकेटसारखे उडते. ते तोंडात किंवा हातात असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

चांगली बॅटरी आणि वाईट बॅटरी

बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक आत असतो, आणि तो चार ठिकाणी पडतो.

पहिला फरक कारखान्यातल्या काळजीचा. गुंडाळी बनवताना धातूचा एखादा बारीक कण आत राहिला किंवा कागदाची कड खरबरीत राहिली, तर ती पुढे कधीतरी पडद्याला टोचते. चांगल्या कारखान्यात असा माल तपासून बाजूला काढतात. स्वस्त कारखान्यात तो तसाच पुढे जातो.

दुसरा फरक संरक्षक सर्किटचा. लिथियम-आयनचा सेल साधारण ४.२ व्होल्टपर्यंत भरायचा असतो. त्याहून जास्त भरला तर तो बिघडू लागतो. भरल्यावर वीज तोडणारी, शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा थांबवणारी एक छोटी पट्टी चांगल्या यंत्रात असते. पैसे वाचवण्यासाठी हीच पट्टी गाळली जाते किंवा निकृष्ट लावली जाते.

तिसरा फरक दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेचा. चांगल्या गोल सेलमध्ये आतला वायू वाट काढून बाहेर पडावा अशी सोय असते. ती नसली किंवा यंत्राच्या नळीत त्या वायूला बाहेर पडायला जागा ठेवली नसली, तर सेलचा बॉम्ब होतो.

चौथा फरक खरेपणाचा. बाजारात १८६५० नावाचा सेल मिळतो : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. मोठ्या ई-सिगारेटमध्ये, टॉर्चमध्ये आणि पॉवर बँकेतही तो वापरतात. अशा सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. तरीही ९,९०० असे छापलेले सेल बाजारात खुशाल विकले जातात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले दमलेले सेल नव्या प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळून नवे म्हणून खपवणे, हाही धंदा चालतो. आकडा जितका फुगवलेला, तितका सेल संशयास्पद समजावा. कोणी सांगितले, कुठे छापले, सगळे म्हणतात, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. बॅटरीच्या डब्यावरच्या छपाईलाही ते लागू आहे.

आपल्याकडे ही पारख कोण करते?

कोणीच नाही. आणि हाच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी संसदेत कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली गेली. विक्रीसारख्या गुन्ह्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बंदी योग्यच आहे. पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. मोबाइलच्या बॅटरीला आणि पॉवर बँकेला आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यांच्यावर मानकाचे चिन्ह, इंग्रजी ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ अंकी क्रमांक असतो. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो. ई-सिगारेटला मात्र असा क्रमांक असूच शकत नाही. पानटपरीच्या मागे, कुरिअरने किंवा ओळखीतून मिळणारी प्रत्येक ई-सिगारेट चोरट्या मार्गाने आलेली असते. तिची पावती नाही, हमी नाही, तक्रार कोणाकडे करायची याचा पत्ता नाही. ती फुटली तर विकणारा ओळखही दाखवणार नाही. “ही भारी कंपनीची आहे, हिला काही होत नाही,” असे मुलगा म्हणाला, तर त्याला विचारा : “बाळा, हे कोणी तपासले?”

किती धोका, खरोखर?

घाबरवण्यासाठी आम्ही वाढवून सांगणार नाही. ओढणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने असे स्फोट थोडे होतात. पण जेव्हा होतात, तेव्हा माणूस आयुष्यभराची खूण घेऊन फिरतो. अमेरिकेच्या अग्निशमन विभागाने २००९ ते २०१६ या काळात वृत्तपत्रांतून आलेल्या अशा घटना मोजल्या. त्या १९५ भरल्या आणि त्यांत १३३ जण जखमी झाले. सुमारे एक तृतीयांश घटनांत यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता, म्हणजे कोणी ओढतही नव्हते. सुमारे एक चतुर्थांश घटना चार्जिंग चालू असताना घडल्या. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात यंत्राचा तुकडा डोक्यात शिरून एकाचा, आणि २०१९ च्या सुरुवातीला टेक्सासमध्ये मानेची मुख्य रक्तवाहिनी तुटून एका २४ वर्षांच्या तरुणाचा जीव गेला.

खिशात आग का लागते? सुट्या सेलशेजारी किल्ली किंवा नाणे असले की ते सेलची दोन्ही टोके जोडते, आणि बाहेरूनच शॉर्टसर्किट होते.

आपल्या घरात धोका का वाढतो

आपली घरे लहान. एकाच खोलीत चूल किंवा गॅसची शेगडी, सिलिंडर, गाद्या, मुलांची दप्तरे आणि एकाच बोर्डावर लटकलेले चार चार्जर. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त उष्णतेत चार्ज करू नये असा संकेत आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात बाहेरचाच पारा तिथवर जातो. मग पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर काय होत असेल, याची कल्पना करा.

त्याहून मोठे कारण लपवाछपवीचे आहे. चोरून ओढणारा मुलगा चोरूनच चार्ज करतो : रात्री, पांघरुणाखाली, उशीखाली, दप्तरात. कापडाखाली उष्णता कोंडते. सर्वजण झोपलेले असतात, त्यामुळे वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही आईवडिलांना सांगतो की, मुलाच्या दप्तरात अशी वस्तू सापडली तर आधी मारझोड करू नका. मार खाल्लेला मुलगा वस्तू सोडत नाही, लपवण्याची जागा बदलतो. त्याला जवळ बसवा, ही बॅटरी कशी असते ते समजावून सांगा.

धोक्याच्या खुणा

या खुणा ई-सिगारेटबरोबरच मोबाइल आणि पॉवर बँकेलाही लागू आहेत :

– बॅटरी फुगणे, मोबाइलचे झाकण वर येणे.
– हात लावता येणार नाही इतके तापणे.
– गोडसर किंवा थिनरसारखा वास, ओल, डाग.
– फुसफुस किंवा टकटक असा आवाज.
– पडल्यावर, चेपल्यावर किंवा पाण्यात भिजल्यावर बॅटरी वेगळी वागू लागणे.

यांपैकी एक जरी खूण दिसली तरी चार्जिंग बंद करा. फुगलेल्या बॅटरीला टाचणीने टोचून ‘हवा काढू’ नका. त्याने पडदाच फाटतो. ती घराबाहेर, उघड्यावर, फरशीवर किंवा कोरड्या वाळूच्या डब्यात, मुलांच्या आणि जळाऊ वस्तूंच्या लांब ठेवा. मात्र तिचा आवाज किंवा धूर सुरू झाला असेल तर हात लावू नका, लांब व्हा.

पेटलीच तर

आधी माणसे बाहेर काढा. बॅटरीचा धूर विषारी असतो, तो छातीत जाऊ देऊ नका. जमत असेल तर बोर्डाचे बटण किंवा मेन स्विच बंद करा. वीज बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. आग विझवण्याइतकेच बॅटरी थंड करणेही गरजेचे असते. विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच उचलू नका. आग पसरत असेल तर १०१ किंवा ११२ वर फोन करा.

भाजलेल्या माणसासाठी :

– पेटते कपडे विझवा. खिशात यंत्र असेल तर तो कपडा काढा. कातडीला चिकटलेला भाग ओढू नका.
– अंगावर बॅटरीचे तुकडे किंवा काळी भुकटी असेल तर ती कोरड्या कापडाने झटका, हाताने नको.
– मग वाहते साधे पाणी २० मिनिटे सोडा. बर्फ नको. नळाला पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने सतत ओता.
– अंगठी, बांगड्या, करदोटा सूज येण्याआधी काढा.
– टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, कोरफड काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका.
– डोळ्यात द्रावण गेले तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटे पाण्याने धुवा.
– १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना ‘लिथियम बॅटरीने भाजले’ असे स्पष्ट सांगा. या बॅटरीतल्या रसायनांपासून तीव्र आम्ल तयार होऊ शकते आणि त्यावरचे उपचार साध्या भाजण्यापेक्षा वेगळे असतात. पोलिसांच्या किंवा बदनामीच्या भीतीने खरे कारण लपवू नका.

फेकल्यावर ती कोणाच्या हाती जाते?

ब्रिटनमध्ये २०२३ साली झालेल्या पाहणीत एकदाच वापरून फेकायच्या सुमारे ५० लाख ई-सिगारेटी दर आठवड्याला टाकल्या जात असल्याचे आढळले. तिथल्या विद्यापीठांतील संशोधकांनी या यंत्रांतले सेल काढून तपासले, तर ते शेकडो वेळा पुन्हा चार्ज होऊ शकतात असे दिसले. म्हणजे कचऱ्यात जाते ती संपलेली बॅटरी नसते, जिवंत बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली की पेट घेते. अखेर १ जून २०२५ पासून तिथे अशा यंत्रांच्या विक्रीवर बंदी आली.

आपल्याकडे ती चेपते ती नुसत्या यंत्रात नाही. कचरा हाताने निवडणाऱ्या, भंगार फोडणाऱ्या, तांबे काढण्यासाठी वस्तू जाळणाऱ्या माणसांच्या हातात ती चेपते. ही माणसे कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांतल्या कितीतरी स्त्रिया आपल्याच वस्त्यांतून पहाटे पोते घेऊन निघतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि त्या जमिनीत पुरणे किंवा जाळणे यांना मनाई केली आहे. पण चोरट्या मालाला उत्पादकच नसतो. म्हणून ई-सिगारेटची बॅटरी बेवारस राहते आणि तिचा भार सर्वांत खालच्या हातांवर येतो.

म्हणून घरातली कोणतीही लिथियम बॅटरी, मग ती मोबाइलची असो वा खेळण्यातली, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, वेगळ्या पिशवीत बांधा आणि ई-कचरा संकलनाच्या ठिकाणी द्या. घंटागाडीवाल्याच्या हाती देताना ‘यात बॅटरी आहे’ असे तोंडाने सांगा. कचरा वेचणाऱ्या भगिनींनी पेनासारखी दिसणारी जड नळी दगडाने फोडू नये, जाळू नये, कोरड्या वाळूच्या डब्यात बाजूला ठेवावी. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना काम करते. जिथे अशी संघटना आहे तिथे हातमोजे आणि बॅटऱ्यांसाठी वेगळा डबा ही मागणी संघटनेतर्फे करावी. जिथे नाही, तिथे विहार समितीने महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा.

पाचवे शील आणि आपण

“यात दारू नाही, तंबाखूची पानेही नाहीत, मग शील कसे मोडते?” असा प्रश्न तरुण विचारतात. पाचव्या शिलाचे मर्म बाटलीत नाही, प्रमादात आहे. जे सेवन केल्याने माणूस बेसावध होतो, ज्याची त्याला गुलामी लागते, त्यापासून दूर राहणे हे त्या शिलाचे सांगणे. निकोटीन ती गुलामी लावते, आणि वाढत्या वयातल्या मेंदूला लवकर लावते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या माणसाला कोणाच्याही गुलामीतून सोडवण्यासाठीच होत्या.

सोडायची इच्छा असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक फुकट आहे. सरकारी रुग्णालयांतल्या तंबाखूमुक्ती केंद्रांतही सल्ला मिळतो. लाज बाळगण्याचे कारण नाही.

शेवटी प्रत्येक घराला आमची एकच सूचना. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातला चार्जिंगचा बोर्ड एकदा पाहा. गादीवर, उशीखाली, दप्तरात काही चार्ज होत असेल तर ते काढून उघड्या फरशीवर, सर्वांच्या डोळ्यांसमोर आणा. जी वस्तू सर्वांसमोर ठेवता येत नाही, तिच्याविषयी मुलाशी उद्याच बोला.

नमो बुद्धाय, जय भीम!